अभियंता झालेल्या मुलामुलींच्या नोकरीचा प्रश्न

(एका विहारात भरलेल्या पालकांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला नेमून दिलेला विषय व्यासपीठावरून बोलण्यास काहीसा रुक्ष आहे. त्यात टाळ्यांचे वाक्य फारसे सापडणार नाही. परंतु या सभामंडपात बसलेल्या कित्येक घरांत आज या विषयावाचून दुसरा विषय नाही, हे मी जाणतो. मुलगा अथवा मुलगी अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण झाली. त्यासाठी कोणी गावाकडचे शेत गहाण टाकले, कोणी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम उचलली, कोणी बँकेचे कर्ज काढले. पदवीदानाच्या दिवशी पेढे वाटले गेले. त्यास आता एक वर्ष, दीड वर्ष लोटले आणि मुलगा अजून घरीच आहे. शेजारी विचारतात, ‘‘काय, लागला का कोठे?’’ आणि बाप मान खाली घालून निघून जातो.

अशा घरांत दोन प्रकारची कुजबुज चालते. एक अशी की, मुलातच काही कमी असले पाहिजे. दुसरी त्याहून घातक आहे. ती अशी की, आपण धम्मदीक्षा घेतली म्हणून सवलती गेल्या आणि त्याचे फळ लेकरांना भोगावे लागत आहे. या दोन्ही समजुती बहुतांशी खोट्या आहेत, आणि त्या कशा खोट्या आहेत हे आपणांसमोर मांडावे एवढ्याकरिताच मी येथे उभा आहे.

प्रथम पदवीचा विचार करू. ज्या काळी अभियंता म्हटला की बंगला आणि जीपगाडी डोळ्यांसमोर उभी राहत असे, तो काळ संपला. त्याचे कारण मुलांच्या बुद्धीत शोधू नका. ते संख्येत आहे. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ सालचे, मुंबईची व्हिक्टोरिया जुबिली तंत्रसंस्था १८८७ सालची. शतकभर अशा मोजक्या संस्थांतूनच अभियंते बाहेर पडत. १९८३ साली महाराष्ट्र शासनाने विनाअनुदानित खाजगी महाविद्यालयांस परवानगी दिली आणि तेव्हापासून जिल्ह्याजिल्ह्यांत अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली. दक्षिणेकडील राज्यांतही असेच घडले. देशातील पदवीच्या जागा वाढत वाढत २०१४ च्या सुमारास सतरा लाखांच्या घरात गेल्या. मग विद्यार्थी मिळेनात म्हणून अनेक महाविद्यालये बंद पडली आणि २०२१ पर्यंत जागा साडेबारा लाखांवर आल्या. पुढे २०२४ साली एका शाखेत किती विद्यार्थी घ्यावेत यावरील मर्यादा उठविण्यात आली. त्याबरोबर संगणक शाखेच्या जागा पुन्हा भराभर वाढल्या आणि एकूण आकडा पंधरा लाखांच्या जवळ गेला. एवढ्या अभियंत्यांना पुरेल इतके काम या देशातील कारखाने, बांधकामे आणि संगणक कंपन्या दर वर्षी निर्माण करीत नाहीत. तेव्हा जो मुलगा आज घरी बसला आहे तो एकटा नाही. सर्व जातींच्या घरांत तो बसलेला आहे. फरक इतकाच की, काही घरांत बसून राहण्याची ऐपत असते. आपल्या घरांत ती नसते.

संगणक कंपन्यांविषयी दोन शब्द. मोठ्या कंपन्यांत नवख्या अभियंत्यास वर्षाला सुमारे साडेतीन लाख रुपये मिळतात. दहा-बारा वर्षांपूर्वीही जवळजवळ तेवढेच मिळत. दरम्यान पुण्यातील खोलीचे भाडे कोठून कोठे गेले, ते आपणांस माहीत आहे. शिवाय निवडपत्र हाती आले म्हणजे नोकरी लागली असे समजू नये. २०२२ पासून पुढे दोन-तीन वर्षे असे पुष्कळ घडले की, पत्र मिळाले, परंतु रुजू होण्याची तारीख महिनोन्‌महिने पुढे जात राहिली. आता प्राथमिक दर्जाचे प्रोग्रॅम लिहिण्याचे काम यंत्रबुद्धीच करू लागली आहे. म्हणून ज्या मुलाने केवळ पाठांतर करून पदवी मिळविली त्याची वाट अधिक बिकट होणार. ज्याला स्वतःच्या हाताने काही करून दाखविता येते त्याला मात्र अजून मागणी आहे. यापेक्षा अधिक भविष्य मी सांगणार नाही. जो छातीठोकपणे सांगतो आणि त्यासाठी पन्नास हजारांची शिकवणी लावावयास सांगतो, त्याच्यापासून दूर राहा.

आता दुसरी कुजबुज. या ठिकाणी मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. कारण आमच्या सभेत नुकतीच दीक्षा घेतलेली कुटुंबे आहेत आणि त्यांच्या मनात भीती आहे.

ही भीती निराधार नव्हती. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशात असे म्हटले होते की, हिंदू धर्म सोडून इतर धर्म मानणारा मनुष्य अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. पुढे १९५६ साली शिखांचा त्यात समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला लक्षावधी लोकांनी दीक्षा घेतली. परंतु त्यांच्यासाठी केंद्राचे दार बंद झाले ते चौतीस वर्षे बंदच राहिले. महाराष्ट्र राज्य १९६० साली अस्तित्वात आले, तेव्हा राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती बौद्धांस दिल्या. परंतु रेल्वे, टपाल, संरक्षण उत्पादन, केंद्रीय बांधकाम या खात्यांत त्यांचा उपयोग नव्हता. यामुळे एका संपूर्ण पिढीवर काय प्रसंग ओढवला असेल याची कल्पना करा. घरात बुद्धवंदना व्हावयाची आणि नोकरीच्या अर्जावर धर्माच्या रकान्यात दुसरेच काही लिहावे लागावयाचे. कित्येकांनी ते लिहिले. त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांच्याच पगारावर पुढची पिढी शिकली. कित्येकांनी लिहिले नाही आणि नोकरीवर पाणी सोडले.

१९९० साली संसदेने कायदा करून त्या आदेशात बौद्धांचा समावेश केला. तेव्हापासून हा प्रश्न कायद्याने मिटला आहे. हिंदू, शीख अथवा बौद्ध यांपैकी कोणताही धर्म असो, मूळ जात अनुसूचीत असली म्हणजे केंद्रातील पंधरा टक्के राखीव जागांवर हक्क आहे. महाराष्ट्रात तो तेरा टक्के जागांवर आहे आणि त्यात बौद्ध धर्मांतरितांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा दीक्षा घेतल्याने मुलाची नोकरी गेली, असे यापुढे कोणी म्हणू लागल्यास त्यास हे साल सांगा. धर्माच्या रकान्यात बौद्ध असे निःशंकपणे लिहा.

तथापि कायदा एक सांगतो आणि कचेरीतील खिडकी दुसरे सांगते, हा अनुभव आपणांस नवा नाही. महाराष्ट्रात बौद्धांसाठी जातीच्या दाखल्याचा नमुना वेगळा आहे. केंद्राच्या नोकरीसाठी केंद्राने ठरविलेल्या नमुन्यातला दाखला लागतो आणि त्यात अनुसूचीतील मूळ जातीचे नाव असावे लागते. ज्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ असते तो दिल्लीच्या टेबलावर अडतो. मुलगा लेखी परीक्षा उत्तीर्ण होतो, मुलाखतीस जातो आणि कागदाच्या तपासणीत बाद होतो. हे दुःख मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. ज्या जातीचे नाव आपण उंबऱ्याबाहेर टाकले तेच नाव हक्कासाठी पुन्हा कागदावर घ्यावे लागते, याने अनेकांच्या मनास यातना होतात, हे मला कळते. परंतु हा दाखला म्हणजे आपली ओळख नव्हे. झालेल्या अन्यायाची ती पावती आहे. पावतीवाचून भरपाई मिळत नाही.

जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्याकडून मिळतो. त्यानंतर जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून वैधता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याविषयीचा महाराष्ट्राचा कायदा २००१ साली अंमलात आला. अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० च्या पूर्वीचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला पाहिजे. आजोबा शाळेतच गेले नसतील तर काय? मग कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, म्हणजे गाव नमुना नंबर चौदा, महसुली दप्तरातील जुन्या नोंदी, वतनाचे कागद. ज्या वतनाने आपल्या वाडवडिलांना पिढ्यान्‌पिढ्या राबविले त्याचेच जुनाट कागद आज नातवाच्या उपयोगी पडतात. ते चुलीत घालू नका. आणि हे काम नोकरीचे पत्र आल्यावर सुरू करावयाचे नाही. समितीस महिने लागतात, पत्रातील मुदत थांबत नाही. मुलगा तिसऱ्या वर्षात असतानाच बापाने गावी जाऊन तलाठ्याची आणि तहसिलीची पायरी चढावी.

नव्याने दीक्षा घेतलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही कुटुंबे दीक्षेबरोबर आडनावही बदलतात. हरकत नाही, परंतु ते शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून त्याची प्रत जपून ठेवावी. शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावर एक नाव, पदवीवर दुसरे आणि दाखल्यावर तिसरे असले म्हणजे निष्कारण अडथळा उभा राहतो.

पुष्कळ पालक विचारतात, ‘‘जात लिहिली म्हणजे मुलगा फक्त राखीव जागेत धरला जाईल, खुल्या जागेचा हक्क जाईल काय?’’ जात नाही. वय अथवा गुणांची सवलत न घेता जो मुलगा खुल्या गुणवत्तेत येतो त्याची गणना खुल्या जागेत होते. राखीव जागा दुसऱ्या भावासाठी मोकळी राहते. म्हणून अभ्यास राखीव जागेपुरता करू नका.

आता नोकऱ्या आहेत कोठे, ते पाहू. संघ लोकसेवा आयोग दर वर्षी अभियांत्रिकी सेवा परीक्षा घेतो. ती स्थापत्य, यांत्रिक, विद्युत, आणि इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार या शाखांसाठी असते. तिची वयोमर्यादा तीस वर्षे आहे, आपल्यास पाच वर्षे अधिक, आणि फी माफ. या परीक्षेतून केंद्रीय जल आयोगातही अभियंते घेतले जातात. तो आयोग कोठून आला हे मुलांना ठाऊक असावे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच खात्याने १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि १९४५ साली जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन केला. आजच्या जल आयोगाचे मूळ त्यात आहे. राज्यात लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा आहे. जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम, जिल्हा परिषदा आहेत. २००५ साली वीज मंडळाचे विभाजन होऊन निघालेल्या निर्मिती, पारेषण आणि वितरण या कंपन्या आहेत. रेल्वे आणि कर्मचारी निवड आयोग कनिष्ठ अभियंते घेतात. पदवीधराने कनिष्ठ जागेस नाक मुरडू नये.

‘गेट’ नावाच्या परीक्षेकडे विशेष लक्ष द्या. ती दर वर्षी फेब्रुवारीत होते, तिची फी आपल्यास निम्मी आहे आणि तिचे गुण तीन वर्षे चालतात. एनटीपीसी, पॉवरग्रिड यांसारख्या सरकारी कंपन्यांनी वेळोवेळी या गुणांवरून अभियंते निवडले आहेत. त्याच गुणांवर शासकीय संस्थांत एम. टेक.ला प्रवेश मिळून दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते. घरावर भार न टाकता दोन वर्षे शिकण्याचा हा मार्ग आहे, आणि आपल्या मुलांना तो फार उशिरा कळतो.

परंतु सरकारी नोकरीचे क्षेत्र आकसत आहे, हेही झाकून ठेवणार नाही. सरकारी कंपनी खाजगी मालकाकडे गेली की तेथील राखीव जागांचे बंधन संपते. २०२२ साली एअर इंडियाच्या बाबतीत ते झाले. दुसरा मार्ग कंत्राटाचा. काम तेच, टेबल तेच, परंतु नेमणूक ठेकेदाराची. २०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र शासनाने नऊ खाजगी संस्थांमार्फत माणसे पुरविण्याचा निर्णय काढला होता. तरुणांनी रान उठविले आणि पुढच्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला. गोष्ट लहान नव्हे. केंद्राच्या आदेशाप्रमाणे पंचेचाळीस दिवस वा अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांतही आरक्षण पाळावयाचे असते. हे कोणी विचारीत नाही, म्हणून कोणी सांगत नाही. विचारावे, लेखी विचारावे आणि पोच घ्यावी.

उरले खाजगी क्षेत्र. बहुसंख्य अभियंत्यांस शेवटी तेथेच जावयाचे आहे आणि तेथे आरक्षण नाही. तेथे फक्त गुणवत्ता पाहतात, असे आपणांस सांगण्यात येते. हे किती खरे आहे याची एक परीक्षा झालेली आहे. अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात हे अमरावती जिल्ह्यातले, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांनी आणि पॉल अट्वेल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने २००५ साली एक प्रयोग आरंभिला. वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठविले. शिक्षण सारखेच, अनुभव सारखाच. फक्त नावे वेगळी, काही उच्च जातीची, काही दलितांची, काही मुसलमानांची. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उच्च जातीच्या नावाच्या तुलनेत दलित नावास बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन तृतीयांश निघाला आणि मुसलमान नावास एक तृतीयांश. ध्यानात घ्या, उमेदवाराचे तोंडही कोणी पाहिले नव्हते. आडनावाने निकाल लावला होता.

त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील पंचवीस कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. प्रत्येक जण म्हणे, आम्ही जात पाहत नाही. पुढच्या वाक्यात तोच म्हणे, मात्र उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी अवश्य विचारतो. वडील काय करतात, किती भाऊबहीण, कोठल्या वस्तीत राहता.

हा प्रश्न मला स्वतःला एका कारखान्यात विचारला गेला होता. यंत्राविषयी दोन प्रश्न आणि वडिलांविषयी पाच. वडील गिरणीत कामगार होते. मी ते सांगितले आणि खोलीतील हवा बदललेली मला जाणवली. ती नोकरी मिळाली नाही. पुढे तीस वर्षे मी माणसे निवडण्याच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूस बसलो आणि तो प्रश्न कोणालाही विचारला नाही. त्यावाचून काही अडले नाही.

या प्रश्नाचे उत्तर तुमच्या मुलांस घरी तयार करून द्या. माझे वडील सफाई कामगार आहेत, माझी आई शेतमजुरी करते, हे वाक्य खाली पाहून उच्चारावयाचे नाही आणि ते लपवावयाचेही नाही. त्याच्यापुढे एक वाक्य जोडावयाचे: त्यांनी मला शिकविले, आणि शेवटच्या वर्षात मी अमुक पंप, अमुक पूल, अमुक प्रोग्रॅम केला, तो असा चालतो. बोलणे पुन्हा कामाकडे वळविणे ही कला आहे आणि ती सरावाने येते. एवढे करूनही आडनाव आड येणार नाही, अशी हमी मी देत नाही. तेवढे कौशल्य असलेल्या मुलाने पाच ठिकाणी अर्ज करावेत, तेथे आपल्या मुलाने आठ ठिकाणी करावेत, हा त्या प्रयोगाचा रोकडा अर्थ आहे. तो अन्याय आहे, त्याविरुद्ध आपण लढतोच आहोत; परंतु लढाई संपेपर्यंत मुलाने अर्ज थांबवावयाचे नाहीत.

खाजगी कारखान्यात शिरण्याची एक वाट कायद्याने दिलेली आहे आणि ती ओस पडलेली आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा. १९७३ साली त्यात पदवीधर अभियंते आले. एक वर्षाची उमेदवारी असते. २०१९ च्या नियमांनी पदवीधरास दरमहा किमान ९,००० रुपये ठरविले. या कायद्याच्या तीन-अ कलमात अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊ जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे, आणि हा कायदा खाजगी कारखान्यांनाही लागू आहे. चाकण, वाळूज, बुटीबोरी येथील किती कारखान्यांना आपल्या मुलांनी त्या कलमाचे नाव घेऊन अर्ज केला? वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही, हे खरे. परंतु ‘अनुभव आहे काय’ या प्रश्नावर पहिल्यांदाच होय म्हणता येते.

मुलींविषयी एक वाक्य बोललो नाही तर हे भाषण अपुरे राहील. मुलगी अभियंता झाली की आपल्यातले काही पालक निकालाच्या आधीच स्थळे पाहू लागतात आणि म्हणतात, नोकरीचे सासरी बघतील. मुलावर चार लाख खर्च केले तर तीन वर्षे वाट पाहता. मुलीवर तेवढेच खर्च केले आणि तिला सहा महिनेही देत नाही. ज्यांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपदाचा राजीनामा दिला त्यांची तसबीर भिंतीवर लावून हा हिशेब चालणार नाही.

वाट पाहण्याविषयीही बोलले पाहिजे. एकाच परीक्षेसाठी पुण्याच्या खोलीत पाच-पाच वर्षे काढलेली मुले मी पाहतो. जाहिरात निघत नाही, निघाली तर खटला होतो, खटला मिटला तर वय संपते. माझे मत असे की, पदवीनंतर दोन वर्षे पूर्ण वेळ अभ्यास पुरे. तिसऱ्या वर्षी मिळेल ते आपल्या विद्येचे काम धरावे, साइटवर उभे राहावे, यंत्राजवळ उभे राहावे आणि रात्री अभ्यास करावा. रिकाम्या राहिलेल्या वर्षांचा जाब पुढे प्रत्येक मुलाखतीत द्यावा लागतो, आणि खोलीत एकटा बसलेला मुलगा हळूहळू घरच्यांशी बोलावयाचा थांबतो. आईने हे ओळखावे. ‘‘लागला का?’’ हा प्रश्न घरात तरी विचारू नये. ‘‘आज काय वाचलेस?’’ असे विचारावे.

या विहारात दर रविवारी सकाळी वंदनेनंतर दोन निवृत्त अभियंते आणि समाजकल्याण खात्यात काम केलेले एक गृहस्थ बसणार आहेत. येताना मुलाचे शालान्त प्रमाणपत्र, पदवीची गुणपत्रके, बापाचा शाळेचा दाखला, असल्यास आजोबांची कोणतीही जुनी नोंद, आणि यापूर्वी जेथून नकार आला असेल ती पत्रे घेऊन यावे. अर्ज तेथे वाचले जातील, केंद्राचा व राज्याचा नमुना वेगवेगळा भरून दिला जाईल आणि ज्यांची मुलाखत जवळ आली आहे त्यांचा सराव घेतला जाईल. मूळ कागद कोणाच्याही हाती सोडू नयेत, प्रती आणाव्यात. ज्यांचे गाव दूर आहे त्यांनी तालुक्याचे नाव कळवावे, म्हणजे त्या बाजूस जाणाऱ्या माणसाबरोबर कोतवाल बुकाच्या नकलेचे काम करून घेता येईल.